पगार महिन्याचा, घर वर्षाचं

माझे वडील नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात, त्यामुळे प्रेसवाल्यांच्या पोरांना एक विनोद जन्मभर ऐकावा लागतो : तुम्हाला काय कमी, तुमचे बाबा रोज ढीगभर नोटा बघतात! बघत असत हे खरं. पण महिन्याची पंचविशी उलटली की आमच्या घरात मात्र नोट दिसणं मुश्कील व्हायचं. आई निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. म्हणजे एका बाजूला एक तारखेला येणारा पगार आणि दुसऱ्या बाजूला कांदा विकला जाईल तेव्हा येणारा पैसा. या दोन्ही हिशेबांत मी वाढले, आणि पुढे स्वतःच्या संसाराची वहीही माझ्याच गळ्यात पडली. त्या वहीने काही गोष्टी शिकवल्या. बऱ्याचशा वहीबाहेरच्या माणसांनी शिकवल्या.

१. महिना हे पगाराचं माप आहे, घर मात्र वर्षाच्या मापाने चालतं. हे माझ्या आईला उपजत कळत होतं; मला कॉमर्सची पदवी असून कळायला वेळ लागला. लग्नानंतर मी हौसेने वही आणली, पट्टीने रेघा मारल्या : दूध, किराणा, भाजी, वीज, गॅस, पेट्रोल. जानेवारी-फेब्रुवारीचा हिशेब इतका सुरेख जुळला की कुणाला तरी दाखवावा असं वाटायचं. मग मार्चमध्ये विम्याचा हप्ता आला. एप्रिलमध्ये घरपट्टी, कारण तेव्हा भरली तर सूट मिळते. मेमध्ये गहू-तांदूळ, वर्षाचं तिखट आणि मसाला. जूनमध्ये शाळा. पुढे राखी, गणपती, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. यातलं एकही खातं माझ्या रेघांमध्ये बसत नव्हतं, आणि यातलं एकही अचानक आलेलं नव्हतं. दिवाळी काय पहिल्यांदा येत होती?

शेवटी एका रविवारी बसून वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची यादी केली. बेरीज एक लाख ऐंशी हजारांच्या घरात गेली. बाराने भागलं तर महिन्याला पंधरा हजार. म्हणजे ज्या महिन्यात ‘शिल्लक पडली’ म्हणून आम्ही कॉलेज रोडला जेवायला गेलो होतो, त्या महिन्यात खरं तर काहीच शिल्लक नव्हती. तेव्हापासून पगार झाला की ते पंधरा हजार वेगळ्या खात्यात जातात. नवरा त्याला बचत म्हणायचा. मी ते म्हणू देत नाही. ते पैसे खर्च झालेलेच आहेत, फक्त दुकानदाराकडे पोचायचे राहिलेत.

वर्षाचं धान्य भरणं परवडतं का, हा वाद आमच्याकडे दर मेमध्ये होतो. दुकानदार पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर गहू तळहातावर काढून देतो. मी दोन दाणे दाताखाली फोडते, जाणकाराचा चेहरा करते आणि शेवटी दर वर्षीप्रमाणे लोकवनच घेते. आणल्यावर तो गच्चीत ऊन द्यायचा, निवडायचा, एरंडेलाचा हात लावायचा, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा. चौघांना दोन क्विंटल लागतात. किलोमागे चार-सहा रुपये वाचतात असं धरलं तर वर्षाला हजारभर रुपये. त्यातून चढवायची हमाली आणि पावसाळ्यात लागलेले किडे वजा करा. लेकाने हे गणित मला कागदावर मांडून दाखवलं आणि ते बरोबर आहे. तरी मी गहू भरते. कोठी भरलेली असली की वर्षभर निदान एका गोष्टीचा विचार करावा लागत नाही, आणि त्याची किंमत हजारापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे.

आणि वर्षाचं माप तरी कुठे पुरतं? साधारण तीन वर्षांनी अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाला धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी. पंचांगात महिना वाढतो, पगारात वाढत नाही.

२. हिशेब कुठे लिहितो यावर तो टिकणार की नाही हे ठरतं. लेकाने मला फोनवर एक ॲप घालून दिलं. रंगीत वर्तुळं, प्रत्येक खर्चाला छोटंसं चित्र. देवीच्या ओटीचे एकशे एकावन्न रुपये कुठे टाकायचे हे काही त्यात सापडेना. ‘मनोरंजन’ म्हणावं का ‘आरोग्य’, यावर आमची घरात चर्चा झाली. ॲप काही आठवड्यांत झोपलं. पट्टीने रेघा मारलेली वही त्यापेक्षा जास्त तगली, पण ती कपाटात असायची आणि खर्च व्हायचा ओट्यापाशी.

चालू राहिलं ते फक्त स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय. १९७३ पासून मराठी घरांचा अर्धा जमाखर्च त्या चौकोनांत लिहिला गेला असेल. आईच्या घरी खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली असायची, तशी माझ्याकडेही आहे. एकादशीच्या खाली ‘१ लि. जादा’. पुढच्या घरात ‘खाडा’. संकष्टीला ‘सिलिंडर लावला’. पुढचा सिलिंडर लावला की मधले दिवस मोजायचे. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस एरवी किती दिवस जातो आणि पाहुणे असले की किती, हे मला तोंडपाठ आहे. इस्त्रीवाल्याचे कपडे, पेपरची सुट्टी, कामाच्या मावशींचे खाडे, सगळं तिथेच. महिना संपला की पान उलटायच्या आधी पाच मिनिटं त्यासमोर उभी राहते आणि आकडे वहीत उतरवून घेते. उभ्या उभ्या, एका हाताला कणीक लागलेली असताना जेवढं लिहिता येतं तेवढाच हिशेब वर्षभर चालतो, असा माझा अनुभव आहे. त्याहून सविस्तर लिहायला गेलं की गणपतीपर्यंत वही बंद.

३. आपण जिथे घासाघीस करतो तिथून पैसे जात नसतात. बुधवारच्या बाजाराला मी अजून गोदाघाटावर जाते. मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी केले की घरी येईपर्यंत माझी मान ताठ असते. मग एकदा वर्षाची बेरीज काढली, तर भाजी आणि किराणा मिळून खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या आतच होते.

मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पण बाबांनी सांगितलं की सरकारचा हिशेबही तेच म्हणतो. त्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून बदलायचा. तो ठरतो कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, आणि त्या निर्देशांकासाठी लेबर ब्युरो ज्या केंद्रांतल्या बाजारांत भाव टिपतं त्यात नाशिकही आहे. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर आणि आपण. कामगारांच्या घरी जाऊन, कशावर किती खर्च होतो हे विचारून ते वजनं ठरवतात. २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्के होतं. २०१६ पायाभूत वर्ष धरून केलेली नवी मालिका २०२० मध्ये लागू झाली, त्यात ते ३९ टक्क्यांवर आलं. वाढले ते घरभाडं, औषधपाणी, शिक्षण, प्रवास, फोन. बाबांना हे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे पाठ असत. भत्ता जाहीर व्हायच्या आधी प्रेसच्या गेटबाहेर चहा पिताना कामगार निर्देशांकावर पैजा लावायचे म्हणे.

तर माझा पैसा कुठून जात होता? लेकाच्या क्लासमधून, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांमधून, चार मोबाइलच्या रिचार्जमधून आणि दोन दुचाक्यांच्या टाकीतून. यातल्या कुणाशी मी कधी ‘दादा, काहीतरी कमी करा’ म्हटलं नव्हतं. मग औषधांच्या दुकानात विचारायला सुरुवात केली, तर डॉक्टरांनी लिहून दिल्यावर जेनेरिक गोळ्या खूपच कमी भावात मिळाल्या. त्या एका चिठ्ठीने वर्षभराच्या मेथीच्या जुड्यांना मागे टाकलं. मेथीवाली मावशी मात्र अजून माझ्या तावडीत आहे. सवय.

४. विजेचं बिल सरळ रेषेत वाढत नाही. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. वर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क. वापर थोडा वाढला आणि बिल उडी मारून गेलं, असं एप्रिल-मेमध्ये होतं ते यामुळे. माझ्या लहानपणी नाशिकला पंखा म्हणजे चैन होती. आता पारा चाळिशीला टेकतो आणि एसी लागतो. दर महिन्याच्या मध्यावर मी जिन्याखाली जाऊन मीटर बघते. शेजाऱ्यांना वाटतं काहीतरी तक्रार आहे. दीडशेच्या बरंच पुढे गेलं असेल तर उरलेल्या पंधरा दिवसांत गच्चीत झोपायची टूम निघते. ती फार तर दोन रात्री टिकते; डास बिल भरत नाहीत.

५. कांदा स्वस्त झाला म्हणून मला पूर्ण आनंद कधीच होत नाही. बाकीच्या शहरांतल्या बायकांचं बरं आहे. भाव उतरला की त्या खूश, चढला की त्या चिडलेल्या. आमच्याकडे वही माझी आणि शेत मामांचं. मामा लासलगावला माल नेतात. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. थांबलं तर भाव मिळण्याची आशा, पण तोवर कांदा सडतो, वजनाला उतरतो, कोंब येतात. त्यांचं बजेट म्हणजे चाळीत हात घालून ‘अजून किती दिवस धरेल’ हे ओळखणं. माझी वही त्यापुढे बालवाडी आहे.

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा हे फार जवळून पाहिलं. लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. पुढच्या काही आठवड्यांत आमच्या दारावरच्या गाडीवर कांदा निम्म्यावर आला आणि माझ्या भाजीच्या खात्यात पैसे उरले. त्याच आठवड्यांत मामेबहिणीचं साखरपुड्याचं बोलणं ‘जरा थांबू’ म्हणून पुढे ढकललं गेलं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही निर्यात शुल्क ठेवून. टोमॅटोचंही तेच. जुलै २०२३ मध्ये किलोला शंभराच्या वर होता तेव्हा मी चिंचेच्या कोळावर आमटी चालवली, आणि काही आठवड्यांनी याच जिल्ह्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते.

यातून वहीपुरतं एवढं निघालं की कांदा-टोमॅटोचं वेगळं बजेट करायचं नाही. भाजीला आठवड्याची एक रक्कम. त्यात जे बसेल ते. कांदा महाग तर कोबी, कोबी महाग तर मोड आलेली मटकी. मटकीला नाशिककराची ना नसतेच. आणि भाव पडलेले असतात तेव्हा मामा गोणीभर कांदा घेऊन येतात, पैशाचं नाव काढू देत नाहीत. त्या गोणीची किंमत मी आहेराच्या खात्यात लिहून ठेवत गेले आणि मामेबहिणीच्या लग्नात वळती केली. मामींनी साडीच्या घडीत हात घातला, पाकीट बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवायच्या पंगतीकडे पळाले.

६. ज्या घरात हिशेब कडक, त्या घरात डबे जास्त. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली. आठ तारखेला रात्री पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि बाबा, निवृत्त प्रेस कामगार, एकदम उत्साहात आले. आता प्रेसमध्ये किती जादा काम निघेल, कागद, शाई, पाळ्या, यावर ते बोलत सुटले. आई गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फोन करून बोलावलं, बाबांना भाजीला पाठवलं आणि ओट्याखालून डबे काढायला सुरुवात केली. शेवयांच्या डब्यात, तांदळाच्या कोठीच्या तळाशी, देवघराच्या खणात कापूर-वातींच्या मागे. पाचशेच्या नोटा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून. काहींना हिंगाचा वास होता. रक्कम सांगत नाही. बाबांना अजून पूर्ण माहीत नाही.

मला आधी हसू आलं आणि मग विचार करत बसले. बाबा काटेकोर माणूस. दर रविवारी आईकडून आठवड्याचा हिशेब घ्यायचे, दोन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत चहा थंड व्हायचा. त्या दोन रुपयांच्या तपासणीने आईला डबे करायला शिकवलं होतं. आणि गंमत म्हणजे ते पैसे तिने स्वतःवर खर्चच केले नव्हते. माझ्या बाळंतपणात, भावाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या हप्त्यात, ‘कुठून तरी’ जमले म्हणून जे पैसे आले होते ते याच डब्यांतून आले होते. ‘बायकांनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही’ असं सरकारने सांगितलं होतं, तेव्हा आई म्हणाली, “सरकार विचारणार नाही गं, तुझे बाबा विचारतील त्याचं काय?”

उलट टोकाचीही घरं असतात. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी त्यांच्या जागी स्वतःला ठेवून घामाघूम होते : रेव्हरंड टिळकांचा हात कायम सढळ, आणि संसाराची मिळवणी करायला लक्ष्मीबाई. त्या हे सगळं हसत हसत सांगतात. आमच्या आईने डबे केले, त्यांनी पुस्तक लिहिलं.

त्या नोव्हेंबरनंतर माझ्या वहीत एक नवी रेघ आली : ज्याचा त्याचा खर्च. नवऱ्याला ठरावीक, मला तेवढाच, लेकाला त्याच्या वयाप्रमाणे. त्याचा हिशेब कुणी विचारायचा नाही. नवरा त्यातून सायकलींचे काय काय भाग आणतो. एका बेलला किती पडले हे जिभेवर येतं आणि मी गिळते. तो माझ्या साड्यांबद्दल गिळतो. या रेघेने वहीतले बाकीचे आकडे खरे झाले, कारण आता कुणाला ‘किराणा’ म्हणून दुसरंच काही दाखवावं लागत नाही.

७. पैसा हाताशी असला की तो दुसऱ्याचा होतो, हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांचे शब्द असे : “ताई, घरात पैसा ठेवला की घरच्यांना वास येतो.” म्हणून त्यांचा सगळा पैसा भिशीत. वस्तीतल्या बारा जणी, महिन्याला हजार-हजार, दर महिन्याला एकीला बारा हजार. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात, पण खरा खेळ नंबर आपसात बदलून घेण्याचा. मावशींना दर वर्षी मे महिनाअखेरचा नंबर हवा असतो. जूनमध्ये नातवंडांची शाळा आणि पावसाआधी पत्र्यावर ताडपत्री. त्यासाठी त्या दिवाळीचा नंबर सोडून देतात, जो सगळ्यांना हवा असतो.

माझं वर्षाची यादी करून बाराने भागणं त्या वही न लिहिता करत होत्या, तेही दुसऱ्या अकरा जणींच्या वर्षाशी मेळ घालून. मला ते समजायला त्यांनी दोनदा सांगावं लागलं. त्यांच्याकडे एक लिलावाचीही भिशी आहे. ज्या बाईला नड असते ती बारा हजारांऐवजी साडेदहावर उचलते, उरलेले दीड हजार बाकीच्यांत वाटले जातात. म्हणजे जिला घाई तिने व्याज दिलं, जिला दम धरता आला तिने घेतलं. बँकेतल्या माणसाने मला चक्रवाढीचा तक्ता दाखवला होता त्यापेक्षा हे लवकर डोक्यात शिरलं. भिशीत धोका आहेच. चालवणारी बाई गाव सोडून गेल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत, आणि त्याची दाद मागायला जागा नाही. मावशी म्हणतात, म्हणून तर मी अनोळखी बाईला घेत नाही.

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार त्यांच्या खात्यात येऊ लागले. मी मोठ्या शहाणपणाने सुचवलं की ते बँकेतच राहू द्या. त्यांनी मान डोलावली आणि त्या पैशांवर दुसरी भिशी सुरू केली.

८. ‘किरकोळ’ हा आमच्या घरातला सगळ्यात ठोक खर्च आहे. पूर्वी पाकिटातल्या नोटा कमी झालेल्या दिसायच्या. आता फोन टेकवला की दुकानातल्या डब्यातून बाई पैसे मिळाल्याचं ओरडते आणि आपण मिसळ खायला मोकळे. वीस रुपये, साठ रुपये, एकशे चाळीस. महिन्याच्या शेवटी बँकेचा उतारा बघावा तर शंभरेक ओळी, आणि निम्म्या नावांवरून काही उलगडा होत नाही, कारण चहाच्या टपरीचं खातं टपरीवाल्याच्या भाच्याच्या नावावर असतं. मी यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे. फोनशी जोडलेल्या खात्यात दर सोमवारी आठवड्यापुरती रक्कम टाकायची, पगाराचं खातं फोनला जोडायचंच नाही. शनिवारपर्यंत पुरतात. रविवारी आमच्याकडे पोहे.

९. नाशिकमध्ये घर असणं म्हणजे पाहुण्यांचं वेगळं खातं असणं. काळाराम, त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी, आणि ‘आलोच आहोत तर’ शिर्डी. अस्थी रामकुंडावर आणायच्या असोत की त्र्यंबकला तीन दिवसांचा नारायण नागबळी करायचा असो, कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड उतरतंच. मला माणसं आवडतात. खोटं कशाला बोलू. पण सुरुवातीला पाहुण्यांचा खर्च मी किराण्यात मिसळायचे आणि महिनाअखेर नवऱ्याला म्हणायचे, तुम्ही तूप फार खाता. पाहुण्यांचं खातं वेगळं केल्यावर तुपाचा आरोप मागे घ्यावा लागला. आता वर्षाच्या यादीत ते धरलेलं असतं, आणि त्यामुळे दारात रिक्षा थांबली की पोटात गोळा येत नाही. चहा टाकताना चेहरा खरा हसतो. पाहुण्यांनाही हा फरक कळत असावा, कारण ते जास्त दिवस राहायला लागलेत.

त्यातून सिंहस्थ. २०१५ ला २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला आमच्या दोन खोल्यांत किती माणसं होती हे मोजायला जागाच नव्हती; लेक माळ्यावर झोपला होता. आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तारखा जाहीर झाल्या त्या आठवड्यात अकोल्याच्या आत्यांचा फोन आला, मग लातूरहून, मग ज्यांच्या लग्नाला आम्हाला बोलावलं नव्हतं त्यांचाही. मी वहीत नवं पान काढलं : गाद्या सहा आहेत, आणखी चार शिवायला टाकायच्या; दोन जादा सिलिंडर; साखर, चहा, पोहे, रवा; पाण्याचा टँकर, जर पालिकेचं पाणी कमी दाबाने आलं तर. दुसरं अमृतस्नान ३१ ऑगस्टला, तिसरं ११ सप्टेंबरला. म्हणजे मधे गाद्या उन्हात घालायलाही सवड नाही, आणि ऊन असणार कुठे, तो श्रावण-भाद्रपद.

नवऱ्याचं म्हणणं, त्या दीड महिन्यात आपणच अकोल्याला आत्यांकडे जाऊन राहावं. तो हे चेष्टेत म्हणाला. मी चौघांचं जायचं-यायचं रेल्वेचं भाडं काढून त्याच पानावर, गाद्यांच्या बेरजेशेजारी, पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.